डाव्या भुवईकडे

सरांचे नाव नव्या चित्रपटासाठी नट निवडण्याच्या चाचणीच्या यादीत आहे हे बारकीला रंगभूषेच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळले. सांगणारी दिग्दर्शिका होती. ही बाई एका जागी उभी राहून बोलत नसे. आताही ती आरशामागे येरझारा घालत म्हणाली, "बापाच्या कामासाठी तिघं येताहेत. तिसरे तुझे सर. चालेल ना तुला? नको असतील तर आत्ताच सांग, फोन करून नाही म्हणून टाकते."

एका शब्दाचे काम होते. बारकीने "नको" म्हटले असते, तर सरांना इमारतीची पायरीसुद्धा चढावी लागली नसती. पण एवढ्या स्वस्तात सोडायला तिने इतकी वर्षे दात आवळून काढली नव्हती.

"येऊ द्या की," ती डोळे मिटून म्हणाली. "मलाही बघायचंय त्यांना."

बारकी आता नावापुरतीच बारकी, चांगली उंच, आईच्या डोक्यावरून पलीकडचे दिसावे इतकी. घरात मात्र जन्मापासून चिकटलेले नाव सुटले नव्हते. वडील सूटकेस घेऊन जिना उतरले, ते पुन्हा चढले नाहीत, तेव्हा ती शाळेत होती. आई मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या बुटांचा आवाज आला की नर्सा टोप्या सारख्या करीत, आणि मोठमोठे डॉक्टरही हातातली सिगारेट खिडकीबाहेर टाकीत. असल्या बाईने नवऱ्यासाठी टिपे गाळली असतील यावर कुणाचा विश्वास बसला नसता, आणि तिने गाळलीही नाहीत. ती फक्त दार उघडत असे.

संध्याकाळी नवऱ्याच्या कारखान्याची पाळी सुटण्याच्या सुमाराला जिन्यावर पावले वाजली, की मेट्रनबाई हातातले काम टाकून दाराशी जात. दार उघडत. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू धापा टाकीत समोर उभा. मग क्षणाचाही विलंब न लावता त्या वाकत, उंबऱ्याशी पसरलेले पायपुसणे उचलत आणि जणू त्याचसाठी बाहेर आलो होतो अशा थाटात ते कठड्यावर सपासप झटकत. त्या साऱ्या इमारतीत त्यांच्याइतके स्वच्छ पायपुसणे कुणाचे नव्हते. बारकी आतून पाहत असे. मायलेकी या गोष्टीविषयी कधी बोलल्या नाहीत.

अभिनयशाळेत दुसऱ्या वर्षी सर एक खास वर्ग घेत. दारे-खिडक्या बंद करायच्या आणि प्रत्येकाने आपल्या घरातले असे काही करून दाखवायचे, जे आजवर कुणाला सांगितलेले नाही. "या चार भिंतींत जे पडेल ते इथेच पुरलं जाईल," सर छातीवर हात ठेवून सांगत. आवाज असा की ऐकणाऱ्याने घराची किल्ली काढून हातावर ठेवावी. बारकी तोवर वर्गात अवघडून उभी राहणारी मुलगी होती. सरांनीच तिला 'खांब' हे नाव दिले होते. त्या दिवशी खांब हलला. तिने पावले ऐकली, दार उघडले, वाकली, पायपुसणे झटकले. सरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आज तू नटी झालीस."

पुढल्या हंगामात सरांचे नवे नाटक आले. ते निघाले प्रहसन. मेट्रनबाई इस्त्रीचे कपडे घालून लेकीच्या गुरूचे नाटक पाहायला पहिल्या रांगेत बसल्या. पडद्यामागे पावले वाजली. रंगमंचावरच्या टाकलेल्या बायकोने दार उघडले, भलताच माणूस पाहून ती वाकली आणि पायपुसणे झटकू लागली. सभागृह हसले. दुसऱ्या वेळी टाळ्या पडल्या. तिसऱ्या वेळेपासून तर नुसती पावले वाजली तरी लोक आधीच पोट धरू लागले. सगळ्या नाटकभर तोच एक विनोद पुरवून पुरवून वापरला होता.

ही बाई कोण, हे त्या गर्दीत दोघींनाच ठाऊक होते. मेट्रनबाईंनी पाठ खुर्चीला टेकवली नाही, मान वळवली नाही, मध्यंतरात उठल्या नाहीत. घरी परतताना एवढेच म्हणाल्या, "नाटक चांगलं बसवलंय." दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या दाराशी जाईनाशा झाल्या. घंटा वाजली तरी आतूनच हुकूम सुटे, "कोण आहे ते बघ गं."

बारकी सरांकडे गेली. सर बशीत चहा गार करीत होते.

"सर, ती माझी आई होती."

"होती ना. फार सुंदर निरीक्षण आहे तुझं."

"तुम्ही म्हणाला होतात, इथेच पुरलं जाईल."

"अगं बाई," सर फुंकर मारीत म्हणाले, "वर्गात दिलंस ना? मग ते वर्गाचं झालं. नटाचं स्वतःचं असं काही नसतं. आईसुद्धा नसते. एवढं कळत नसेल, तर खांबाला काय, विंगेतही उभं राहता येतं."

आणि खरोखरच वर्षअखेरीच्या प्रयोगातून त्यांनी तिला काढले. दिव्यांची शिडी धरायला ठेवले. शिडी धरून तिने तो प्रयोग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी प्रशस्तिपत्रावर पाणी सोडून अभिनयशाळा सोडली.

पुढची वर्षे सोपी गेली नाहीत. पहिले काम मिळाले ते प्रेताचे. मालिकेतल्या कुटुंबाने तिच्याभोवती बसून एवढा वेळ रडून घेतले की चादरीखाली तिला झोप लागली आणि घोरणे ध्वनिमुद्रणात आले. मग साबणाच्या जाहिरातीत पाठमोरी शेजारीण, मग मालिकांतल्या तीन नर्सा, ज्यांना पाहून आई म्हणाली, "असा ताप बघणारीला मी वॉर्डातून हाकललं असतं." चवथी नर्स तिने आईला विचारून केली. ती कुणाच्या तरी नजरेत भरली, त्यातून एक चित्रपट आला, त्यातून दुसरा. आता तिचे नाव ठळक अक्षरांत येई. मुलाखतीत हमखास विचारले जाई, "तुमचे गुरू कोण?" ती दरवेळी सांगे, "माझी आई." अभिनयशाळेचे नाव तिने एकदाही घेतले नाही. हे आपण मुद्दाम करतो हेही तिला पक्के ठाऊक होते. सर वर्तमानपत्र वाचीत असतील आणि तो रकाना रिकामा पाहत असतील, या विचाराने तिला दिवसभर हलके वाटे.

दरम्यान सरांचे दिवस फिरले होते. अभिनयशाळा बंद पडली. नाटके पडली. जुने विद्यार्थी समोरून आले तर रस्ता ओलांडू लागले. हा चित्रपट म्हणजे त्यांची शेवटची उडी होती. सारा धंदा जाणून होता की इथे काम मिळाले नाही, तर म्हातारा घरीच बसणार.

चित्रपट ज्या कादंबरीवर होता ती बारकीची लहानपणापासूनची जिवाभावाची. कुणी रुग्ण खाटेवर विसरून गेला, म्हणून आईने ती घरी आणली होती. एका मुलीच्या मोठे होण्याची ती गोष्ट. बाप तिला दूरच्या कपडे-धुलाईच्या कारखान्यात कामाला ठेवतो, "आठवड्यात येतो" म्हणून जातो आणि वर्षे उलटली तरी येत नाही. मुलगी वाफेत आणि इस्त्रीत मोठी होते. एक दिवस बाप येऊन उभा राहतो. तो बोलतो, रडतो, हात जोडतो. मुलगी चादरीवर इस्त्री फिरवीत राहते. त्याने काही विचारलेच तर "हं" किंवा "नाही", याउपर शब्द नाही. बाप जातो. एवढेच ते प्रकरण. बारकीने ते इतक्यांदा वाचले होते की त्या पानांचे कोपरे मऊ कापडासारखे झाले होते. न बोलता एखाद्याला मातीत घालता येते, हे तिला त्या पानांनी शिकवले. आज ती तेच करणार होती.

साधन मात्र सरांनीच हाती दिलेले होते. वर्गात ते एकदा म्हणाले होते, "समोरचा नट नकोसा झाला, तर त्याच्या डोळ्यांत बघू नका, डाव्या भुवईकडे बघा. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही, पण तो बिचारा भिंतीशी बोलत बसतो. शिवाय आपलं वाक्य अर्धा श्वास उशिरा टाका. पाच मिनिटांत त्याचं पाणी होतं. मात्र असं कधी करू नका हं, हे आपल्या धंद्यातलं पाप आहे." पापाचा धडा बारकीने नेमका पाठ केला होता.

चाचणीच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर चादर, गार इस्त्री, आणि समोर कॅमेरा. एरवी समोरची वाक्ये कुणीतरी साहाय्यक वाचून दाखवतो. पण या दिग्दर्शिकेचा हट्ट होता की बारकीनेच समोर उभे राहावे. पहिला आला तो बिस्किटांच्या जाहिरातीतला आजोबा. बारकीने त्याच्या बाबतीत हात आखडता घेतला नाही. त्याचा शब्द आपल्या डोळ्यांत घेतला, ओठ थरथरू दिले, इस्त्री मध्येच थांबवली. आजोबा बहरला. दुसरा, मालिकांतला खलनायक. त्यालाही तिने भरभरून दिले, त्याच्या हुंदक्याला आपले पाणावलेले डोळे लावले. दिग्दर्शिका दोघांनाही "छान, छान" म्हणाली, पाहुण्याने आणलेल्या मिठाईला म्हणतात तसे.

मग सर आले. केस पुरते पांढरे झालेले, सदऱ्याला कडक इस्त्री, दाढी गुळगुळीत. बारकीकडे पाहून त्यांनी ओळखीचे अर्धे हसू काढले. तिने चादरीची घडी सारखी केली.

"चला," दिग्दर्शिका म्हणाली.

सरांनी पहिले वाक्य त्या जुन्या, किल्ली काढून घेणाऱ्या आवाजात टाकले. बारकीने डोळे वर उचलले आणि त्यांच्या डाव्या भुवईवर ठेवले. एक पांढरा, वाकडा केस होता तिथे. तो तिने नीट पाहिला. "हं," ती म्हणाली, अर्धा श्वास उशिरा.

सरांच्या आवाजाला तडा गेला. त्यांनी मान किंचित वाकवून तिची नजर पकडायचा प्रयत्न केला. ती भुवईबरोबर सरकली. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. संहितेत ते एकदाच होते. बुडा, बारकी मनात म्हणाली. जिन्यावरच्या प्रत्येक पावलासाठी बुडा. तिने इस्त्री चादरीवरून एका संथ रेषेत नेली आणि परत आणली.

सरांचा आवाज खाली आला. थाट गळला. पुढले वाक्य ते विसरले आणि हात लोंबते ठेवून नुसते उभे राहिले, रांगेत आपला नंबर गेलाय हे कळलेल्या माणसासारखे. मग त्यांनी, काही सुचत नाही म्हणून, टेबलाखाली लोंबणारे चादरीचे टोक उचलले आणि घडी घालायला धरावे तसे तिच्यापुढे केले. बारकीने भुवईवरची नजर न हलवता ते टोक त्यांच्या हातातून ओढून घेतले. सरांनी रिकाम्या बोटांकडे पाहिले. हळूच म्हणाले, "बरं. येतो मग." आणि वळले.

बारकी जिंकली होती. तिने दीर्घ श्वास सोडला आणि दिग्दर्शिकेकडे पाहिले.

दिग्दर्शिका आयुष्यात पहिल्यांदाच एका जागी उभी होती. "हेच," ती पुटपुटली. "अगं, हेच हवं होतं मला! त्या दोघांना तू वाचवत होतीस. ती मुलगी कुठे कुणाला वाचवते? काय उभा राहिला तो माणूस तुझ्यासमोर! माझ्या अंगावर काटा आला."

जन्मभर उशाशी बाळगलेले ते प्रकरण बारकीने नेमके आज, नेमक्या या माणसासाठी, अक्षरशः त्यातल्यासारखे उभे केले होते. त्याला गाडायला आपल्या हाताने खड्डा खणला आणि म्हातारा त्यातून धन काढून घेऊन गेला.

बाहेर व्हरांड्यात सर कागदी पेल्यातून पाणी पीत होते. डोळे चमकत होते.

"काम झालं वाटतं आपलं," ते म्हणाले.

"आपलं?"

"डाव्या भुवईकडे बघत होतीस."

ती चमकली. "कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच वाक्याला. मीच शिकवलंय ना."

"मी तुम्हाला बुडवत होते, सर."

"ते का समजत नाही मला? चांगलं गळ्यापर्यंत बुडवलंस." सर हसले. "पण महिनाभर मी घरी डोकं फोडत होतो, हा बाप बोलतो कसा ते सापडत नव्हतं. तू भिंत दिलीस. मी भिंतीशी बोललो. त्याला तेच तर करायचं असतं! आयतं मिळालं. नटाने मिळेल ते घ्यावं, बाई. तुला पूर्वीच सांगितलं होतं."

पेला चुरगाळून त्यांनी टोपलीत टाकला आणि जिना उतरून गेले. बारकी व्हरांड्यात उभीच राहिली. आधी आईचे दुःख नेले. आता लेकीचा राग नेला. म्हाताऱ्याने दोन्ही खेपांना धन्यवादसुद्धा दिले नव्हते.

दिग्दर्शिकेने निघताना सांगितले, "शेवटचा शब्द तुझा. पोस्टरवर तू आहेस. नको म्हणालीस तर तो माणूस नको. उद्या दुपारपर्यंत कळव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईकडे गेली. निवृत्त मेट्रनबाई खिडकीशी शब्दकोडे सोडवीत होत्या. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"आधी हात धू. मग काय रडायचं ते रड."

बारकीने हात धुतले आणि सगळे सांगितले. चाचणी, भुवई, चादर, व्हरांडा. आजवर ज्या नाटकाचे नाव दोघींत निघाले नव्हते तेही निघाले.

"आई, तुला तेव्हाच कळलं होतं? मीच सांगितलं ते?"

"दुसरं कोण सांगणार? पायपुसणं?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू पोरगी होतीस. भरवशाने दिलंस. चोरी त्याने केली." मेट्रनबाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "त्या दिवशी मी मधेच उठून गेले असते, तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या असत्या. म्हणून बसले. पाठ आखडली होती माझी दोन दिवस. त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही."

"मग मी फोन करते. नको म्हणून सांगते. बसू दे घरी."

"खुळी आहेस का? घरी बसून काय करील तो? चार रिकामटेकडे जमवून माझीच गोष्ट हातवारे करून सांगील. वर म्हणेल, शिष्येने सूड घेतला. बिचारा ठरेल. त्याला बिचारा होऊ देऊ नकोस."

"पण आई, मी रागाने बघितलं तरी तो त्याचं सोनं करतोय! माझ्याच रागावर त्याचं काम उभं राहणार."

"बरोबर. तुझ्याच रागावर. त्याच्याजवळ स्वतःचं काही आहे का?" मेट्रनबाईंचा वॉर्डातला आवाज परत आला होता. "म्हणजे रोज सकाळी उठून त्याने तुझ्या दाराशी यायचं. आज देतेय का, म्हणून तोंडाकडे बघायचं. द्यायचं की नाही ते तू ठरवायचं. अगं, असा माणूस घरी बसवायचा असतो का? असा माणूस कामाला ठेवायचा असतो."

मेट्रनबाईंनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"ती तुझी कादंबरीतली पोरगी. शेवटी बापाला माफ करते का?"

"नाही."

"अगदी शेवटपर्यंत?"

"अगदी शेवटपर्यंत."

"शहाणी आहे. काम किती दिवसांचं?"

"दीड महिना तरी चालेल."

"पुरे." मेट्रनबाईंनी चष्मा खाली घेतला आणि कोड्याकडे वळल्या. "आणि एखाद्या दिवशी गोड बघ त्याच्याकडे. बघू या, त्याचं काय करतो ते. फोन तिथे आहे."

बारकीने फोन उचलला. "घ्या त्यांना," ती दिग्दर्शिकेला म्हणाली. "आणि तो धुलाईचा प्रवेश पहिल्याच दिवशी ठेवा."

चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळी सर सर्वांच्या आधी आले. बापाचा झिजलेला कोट त्यांनी घरूनच घातल्यासारखा अंगावर बसला होता. वाफेची यंत्रे सुरू झाली, दिवे लागले, आणि ते चादरींच्या ढिगाशेजारी उभे राहून बारकीची वाट पाहू लागले. ती येताच त्यांनी उत्सुकतेने, जवळजवळ भुकेने, तिच्या तोंडाकडे पाहिले.

बारकीने त्यांच्या दोन्ही डोळ्यांत सरळ पाहिले. तिच्या चेहऱ्यावर माया होती. थंडीच्या दिवसात म्हाताऱ्या बापाची शाल सारखी करणाऱ्या लेकीची असते तशी.

"बरे आहात ना, सर? असे उभे का? खुर्ची देऊ?"

सरांचे हसू अर्ध्यावर अडकले. त्यांनी तिच्या नजरेत कठीण असे काही शोधले, डावीकडे, उजवीकडे. कुठे काही लागले नाही.

"आज..." त्यांनी आवाज खाली घेतला, "आज तसं बघणार नाहीस?"

"कसं, सर?" तिने प्रेमाने विचारले.

कपाळावरच्या रंगातून घामाचा एक ओघळ सुटला. दिवेवाले, कॅमेरावाले, इस्त्री करणाऱ्या मुली, सारे त्यांच्याकडे पाहत होते. सरांनी ओठ हलवले. ते पहिले वाक्य असावे, पण त्याचा आवाज झाला नाही.

"तयार?" पलीकडून दिग्दर्शिकेने हाक दिली.

"मी तयार आहे," बारकी मोठ्याने म्हणाली, साऱ्यांना ऐकू जाईल असे. "सरांना थोडा वेळ लागेल."